गणसंख्या

दुसरा मंगळवार, संध्याकाळचे सात.
लायब्ररीच्या तळघरात, बॉयलरशेजारच्या खोलीत
घडीच्या बारा खुर्च्या मी एकटीच उलगडते.
तेरावीचा पाय मोडलाय,
ती भिंतीला टेकून असते, मानद सदस्यासारखी.

कागदावर आम्ही बासष्ट.
एकतीस प्रिसिंक्ट, प्रत्येकी एक बाई, एक बुवा.
त्यातल्या चव्वेचाळीस नावांच्या जागी
माझ्याच अक्षरात लिहिलंय : रिक्त.
फॉलन क्रीक नंबर दोन तर
पूल वाहून गेला तेव्हापासून रिक्त.

नेब्रास्काच्या या कोपऱ्यात
पराभव आमच्या पाचवीलाच पुजलेला.
कोणता पक्ष, ते विचारू नका,
पलीकडच्यांच्या तळघरातही
असाच एखादा बॉयलर असणार.

व्हर्ना हॉल्टग्रीव्ह हिशेब वाचते :
शिल्लक चारशे बारा डॉलर, सोळा सेंट,
शिवाय पाय-लिलावातून उरलेलं एक रुबार्ब पाय,
जे आता मध्ये ठेवलंय
आणि ज्याची नोंद कुठे करायची
हे राज्य समितीच्या फॉर्मवर नाही.

मग अध्यक्ष डेल्मर प्रिबिल मोजतात.
बोटाने, हळूहळू, जणू हळू मोजल्यावर
कोणीतरी वाढेल.
नऊ.
भरलेल्या जागा अठरा, निम्म्याहून जास्त म्हणजे दहा.
तीन महिने घोडं इथंच अडलंय :
काउंटी मेळ्यातला बूथ, पंच्याऐंशी डॉलर, लिंबू सरबतासह.
दहावे ऑर्विल. ते येत नाहीत आता.
त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, बाबांना मंगळवार कळत नाही.
त्यांचं नाव खोडायचा ठराव
कोणी मांडला नाही. मीही नाही.

दार उघडलं ते तेवढ्यात.
हेअरनेटचा वळ अजून कपाळावर,
हातात कागद, नागरिकत्वाच्या वर्गाचा.
"आईसाठी विचारायचं होतं. आज असतो ना?"
"बुधवारी," मी म्हटलं.
ती वळलीसुद्धा होती.

"राहता कुठे?" डेल्मरनी विचारलं.
धान्याच्या एलिव्हेटरमागे.
"सात-ब," लोवेल म्हणाला, यादी न बघता.
"मतदार नोंदणी? कोणत्या पक्षात?"
तिने सांगितलं, थोडं सावधपणे,
बिलं घेऊन आलेल्या माणसाला सांगतात तसं.

लोवेल ऑस्टरबूरला घटना पाठ आहे.
कलम चार, पोटकलम तीन :
रिक्त जागी अध्यक्ष स्वतः नेमू शकतात, मतदान नको.
मग त्याने पायच्या बशीवर काट्याने गणित मांडलं.
एकोणीस भरल्या, निम्म्याहून जास्त तरीही दहाच.
खोलीत आम्ही दहा.

ती म्हणाली, "मला काय करावं लागेल?"
"बसावं लागेल," व्हर्ना म्हणाली
आणि तिला पाय कापून दिला, मोठा तुकडा.

ठराव वाचला. सूचक लोवेल, अनुमोदक व्हर्ना.
अनुमोदन म्हणजे आमच्याकडे नुसतं 'मम' म्हणणं.
हात वर गेले, सवयीने, नऊ.
तिचा खाली.
"बूथ पाचला बंद होतो," ती म्हणाली.
"आमची शिफ्ट साडेअकराला सुटते.
प्लांटच्या गेटवर उभे राहाल का?
सरबत नको. कॉफी."

चार वर्षांत पहिल्यांदा मी लिहिलं,
विरोधात : एक.
ठराव मंजूरच झाला, तरी त्यावर
पुढे चाळीस मिनिटं वाद चालला,
आणि डेल्मर, जे साडेआठला झोपतात,
त्यांनी कोणाचा तरी पेन मागून
तळहातावर 'साडेअकरा' लिहून घेतलं.

नंतर मी पांढऱ्या शाईची बाटली काढली.
सात-ब. रिक्त. त्यावर एक फटकारा.
येसेनिया बारिएंतोस.
तिने एकेक अक्षर सांगितलं, दोनदा,
कारण मी बी की व्ही यात चुकले.
शाई वाळली नव्हती, मी घाई केली,
नाव जरा पसरलंय.
तसंच राहू दे म्हणाली.
एक खुर्ची तिने घडी करून ठेवली,
अकरा मी.