निळी झाकणं

ग्रिम्सबीच्या आमच्या शाळेत
या टर्मचा विषय : जग सुधारा.
मिस ऑल्डरटन म्हणाल्या, देवमासा करू,
बाटल्यांच्या झाकणांचा, जिन्याएवढा.

लाल झाकणं ढीगभर निघाली.
निळी कमी पडली.
मग बाबांनी पाण्याच्या चोवीस बाटल्या
विकतच आणल्या,
आणि आईनं ते पाणी
आठवडाभर कुकरला लावलं,
चकार शब्द न काढता.

शेपटीला ती चोवीस झाकणं आहेत.
मी कुणाला सांगितलं नाही.

महापौरबाई आल्या, फोटो झाला.
समुद्र इथून दहा मिनिटांवर,
तिकडे कुणी फिरकलं नाही.
वारा फार होता.

मला बी प्लस मिळाला.
जगाला किती, ते लिहिलेलं नाही.

आता रोज दोन-चार झाकणं गळतात.
संध्याकाळी झाडायला येणारे विटास
ती खिशात टाकतात, शिडी लावतात,
निळ्याच्या जागी लाल, लालच्या जागी
हाताला येईल ते.
मासा हळूहळू भलताच होत चाललाय.

काल शिडी मी धरली.
माझ्या चोवीसांतलं एक
त्यांनी डोळ्याच्या जागी बसवलं,
अंगठ्यानं दाबून धरलं
गोंद वाळेपर्यंत.

तेव्हापासून मी
दुसऱ्या जिन्यानं जाते.