कूलर बंद ठेवून

टुंग. म्हणजे आली.
टुंग, जरा खालच्या सुरात. म्हणजे गेली.
सकाळपासून एवढंच चाललंय आमच्या घरात,
कुणी दारात यावं, चपला काढाव्यात,
आणि काहीतरी आठवून परत फिरावं, तसं.

डिस्क काळी आहे, पत्त्यांच्या जोडाएवढी.
तिच्यात ह्यांचं ऊन आहे.
म्हणजे असं, की मानेवाड्याच्या ह्या गच्चीवर
रोज दुपारी अडीचला
हे थर्मामीटरचा फोटो काढतात.
सतरा वर्षं झाली.
कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.
सिंचन खात्यात होते तेव्हा पाण्याची पातळी लिहायचे,
रिटायर झाले, मग पारा.
एका फोटोत माझा हात आहे, छत्री धरलेला.

बर्डीवरच्या निखाडेचा पोरगा म्हणाला,
"काकू, हे तं गेलीच समजा.
नवीन घेऊन टाका, रेट लावून देतो."
कलिंगड पारखावं तशी
कानाशी धरून हलवली त्यानं.
मी म्हटलं, राहू दे.
पदराखाली झाकून घरी आणली,
ऊन लागू नये म्हणून.

आधी वायर बदलली,
जुन्या कॅमेऱ्याची लावली.
टुंग. टुंग.
मग पुढचं भोक सोडून मागचं.
टेबलाखाली शिरले, गुडघे बोलले,
तिथे पालीचं अंडं, एक सेफ्टी पिन, बोटभर धूळ.
पुसलं, लावलं,
आणि दोन हजार नऊचा मार्च सरसर उतरला,
अर्धा एप्रिलसुद्धा,
नेमका पारा एक्केचाळिसावर चढताना
टुंग.
कॉम्प्युटर विचारतो, फॉरमॅट करायचं का?
"नाही म्हण त्याला! नाही म्हण!"
हे आतल्या खोलीतून असे ओरडले,
जणू कुणी पोरगी मागायला आलंय.

मग मी कागद घेतला.
बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं,
एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा,
हे किती पोरांकडून लिहून घेतलं असेल.
लिहिलं: ११.२० गेली.
११.४१ गेली.
१२.०३ गेली.
हे माझ्या खांद्यावरून वाचत होते,
जरा खट्टूच.
आकडे लिहिणं ह्या घरात त्यांचं काम.

१२.२४ ला ट्यूबलाइटनं डोळा मिचकावला.
माझी नजर डिस्कवर होती, कान मात्र खिडकीत.
कूलर.
बिल वाढू नये म्हणून हे तो बंद करतात,
वाळा ओला आहे तोवर भागवतात,
आणि उकडलं की पुन्हा खटका.
मोटर उठताना घरभरची वीज
एका घोटात ओढते,
आणि ह्या इवल्याशीच्या तोंडचा घास जातो.

"तुम्हीच," मी म्हटलं.
"मी काय केलं?"
मी कागद पुढे सरकवला.
बराच वेळ बघितला त्यांनी,
पाटचाऱ्याच्या हिशोबातली चूक बघावी तसा.

गजभिये सोमवारी येतो म्हणाला, वायरिंग बघायला.
आज शुक्रवार.
डिस्क सोमवारपर्यंत थांबेल, हे कोण सांगणार?
म्हणून कूलर बंद, पंखाही बंद, उगीच शंका नको,
आणि मे महिन्यात नागपुरात
आम्ही दोघं, ओले टॉवेल मानेवर,
मठ्ठ्याचा तांब्या मधोमध,
हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकताना बघतोय.
सहा हजार दोनशे दुपारी
एकेक करून येतायत,
आणि ही एक खोलीतच बसली आहे.

अडीचला हे उठले. टोपी, मोबाइल, जिना.
खाली आले ते लालबुंद.
"पंचेचाळीस पूर्णांक दोन. मावेल ना हा?"
मावेल. पण थांबा जरा,
अजून दोन हजार सोळाचाच जून चाललाय.

हे बनियनवर बसलेत,
नाकावरचा थेंब कीबोर्डवर पडू नये म्हणून
मान मागे टाकून,
खटक्यापासून हात लांब.