पान एकशे बारा

हेल्वेच्या मांडीवर बोका, बोक्याच्या पाठीवर पुस्तक.
धाकट्या बहिणीच्या आठवणी, जाड पुठ्ठ्यात.
बाहेर पार्नूची खाडी गोठलेली,
चारलाच दिवेलागण.

पान एकशे बारा :
‘आई गेली त्या रात्री उशाशी होते मी.’

चष्मा काढते. पुसते. पुन्हा वाचते.
त्या रात्री ही तार्तूला होती, परीक्षेला.
ओलं फडकं, चमचाभर पाणी,
आणि ते शेवटचं, ‘दार लोटून घे गं, वारा येतोय’
ते ऐकलं कुणी?

बोका उठतो, कमान करून आळस देतो
आणि नेमका त्याच ओळीवर
मुटकुळं करून बसतो.
शेपटीखालून तेवढं
‘मी’ डोकावत राहतं.

बस बाबा, बस.

हेल्वे त्या अक्षरावर
बोट ठेवून असते, चहा निवेपर्यंत.