ठोकळ्यांच्या माणसांबद्दल माझं मत

ग्विलिम, तू विचारलंस म्हणून सांगते.
(विचारलं नाहीस. पण परवा फोन ठेवता ठेवता
"अजून खेळतेस तू ते?" म्हणालास, तेवढं मला पुरे.)

सिनेमावर बेतलेले गेम मला सोसत नाहीत.
खरेखुरे चेहरे, भुवईचा केस न केस,
आणि नायक दाराला धडकून
जागच्या जागी धावतोय, धावतोय.
सिनेमा बघायचा तर बघावा,
आत शिरून ढकलाढकली कशाला?

तीच गोष्ट ठोकळ्यांच्या माणसांनी केली
की मात्र मी मांडी घालून बसते.
अंतराळातलं ते घराण्याचं युद्ध घे.
सिनेमात म्हातारा मरतो तेव्हा
लँडिडनोच्या थिएटरात आईनं रुमाल काढला होता.
गेममध्ये तो मरता मरता खिशातून
कोंबडीची तंगडी काढतो,
मारेकऱ्यापुढे धरतो.
मारेकरी खातो. ओशाळतो. हाड लपवायला जागा शोधतो.
शब्द एक नाही, नुसतं हं आणि हूं,
आणि ते पिवळे हात, चिमट्यासारखे.
मला तिथे भरून आलं.
थिएटरात नव्हतं आलं.

पुढे त्यांना बोलायला लावलं.
सिनेमातले संवाद उचलून जसेच्या तसे तोंडात कोंबले.
चव तिथेच गेली.
मुकी होती तोवर आपली होती,
वाचा फुटली आणि कंपनीची झाली.

फोडाफोडीबद्दल मी काही ऐकून घेणार नाही.
दिवसभर एकोणतीस पोरांची बस हाकते,
बाकावर कुणाला पेननं रेघ मारू देत नाही,
मग संध्याकाळी घरी येऊन राजवाडे फोडते.
खुर्ची फोडली, नाणी. झुडूप फोडलं, नाणी.
आणि त्याच ढिगाऱ्यातून, बटण दाबून धरलं
की टकाटक पूल उभा.
मरण म्हणजे तरी काय,
चार तुकडे, थोडी नाणी सांडलेली,
आणि लगेच आपण पुन्हा उभे, टोपीसकट.

खिडकीबाहेर ब्लायनायचे डोंगर तसेच आहेत,
म्हणजे डोंगर नव्हेतच ते, पाटीच्या दगडाची रद्दी,
शंभर वर्षं फुटलेली.
पावसात चकाकते.
त्यातला तुकडा तुकड्याला
एकदाही परत बसलेला मी पाहिला नाही.

बंद दारांचा तुला राग यायचा.
ह्या दाराला दाढीवाला लागतो,
दाढीवाला मिळतो अकराव्या पातळीत,
तेव्हा पुन्हा या.
"लुटतात साले," म्हणायचास.
मला आवडतं ते. नाही म्हणत नाहीत,
आत्ता नाही म्हणतात.

आणि ती रेघ.
जुन्या गेममध्ये नव्हती, आठवतं?
तू पुढे पळालास की मी फरपटत खड्ड्यात.
मग कुणा शहाण्याला सुचलं:
दोघं लांब गेले की पडदाच दुभंगू दे.
सरळ नाही, तिरकी रेघ,
जो जिकडे असेल तिकडे कललेली.
ती कुणी बनवली असेल त्याचं नाव
मी शेवटी धावणाऱ्या श्रेयनामावलीत शोधलं.
चारशे नावं होती, सोडून दिलं.

आईच्या घरावरून आपलं जे झालं ते झालं.
ताणलं दोघांनीही.
तू स्टाव्हांगरला गेलास, मी इथे बस चालवते,
त्यावर माझं मत तुला माहीत आहे.

दुसरा खेळाडू उठून गेला की
त्याचा माणूस मरत नाही. यंत्र चालवतं त्याला.
माझ्यामागे येतो, उडी मारली की उडी मारतो,
नाणी उचलत नाही, शत्रूला उगाच गुदगुल्या केल्यागत मारतो.
पण दोन खटके एकदम दाबायचे असले
की न सांगता दुसऱ्यावर जाऊन उभा राहतो.
तेवढं येतं त्याला.

नवीन आलाय, चाच्यांचा. वाईटच असणार,
सगळे घडाघडा बोलतात म्हणे.
डबा उघडलेला नाही मी.
दुसऱ्या कंट्रोलरचे सेल तेवढे बदलून ठेवलेत,
जुने गळून हिरवे झाले होते.