दुसरा उकार

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय,
कडा शिल्लक आहेत.
म्हटलं, मग समासात वाचेन.
ते हसले नाहीत. फी सातशे.

त्याच आठवड्यात भाचीने बाणेरहून हे आणून दिलं.
पाटीएवढं, पण पाटीला वजन तरी असतं.
चिमूट उघडली की अक्षर फुलक्यासारखं फुगतं,
ओळीत चार शब्द, मग दोन, मग एकच.
लाज वाटली नाही.
बत्तीस वर्षं नारायण पेठेत जिन्याखालच्या टेबलाशी
आठ पॉइंटातल्या तळटीपा वाचल्या मी.
आता एका शब्दाने मला सबंध पान द्यावं
एवढं माझं येणं निघतं.

पेन्सिल मात्र हातातच राहते.
टोक काचेवर टकटक करतं,
काचेला काही लागत नाही.

पहिलं पुस्तक उघडलं ते माझंच,
म्हणजे मी तपासलेलं पहिलं.
ऐंशी साल, सातशे प्रती.
त्या संध्याकाळी शाईने तर्जनी इतकी काळी
की पीएमटीच्या कंडक्टरने
सुटे पैसे वरून टाकले माझ्या हातावर.

पान एकशे बारा, वरून नववी ओळ :
म्हातारी रात्रभर सुत कातत बसली.

सूत हवं होतं. दुसरा उकार.
जुळारी बबनराव म्हणाले, केसमधले दुसरे संपले होते, बाई,
मागनं बदलू म्हटलं नि राहिलं.
त्यांचं राहिलं.
माझ्या हातून सुटलं. तीन प्रुफांतून.

मग मिरजेहून लेखकाला एक कार्ड आलं :
मुलगा गेलेली ती बाई
रात्रभर मुलगाच कातत बसते
हे वाचून पुस्तक मिटलं,
उठून आमच्या धाकट्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

लेखकाने कार्ड माझ्यापुढे ठेवलं. बोलले काहीच नाहीत.
दुसऱ्या आवृत्तीला मी पेन्सिल टेकवली
तर कागद ओढून घेतला. राहू दे.

चांगली मुद्रितशोधक पुस्तकात सापडत नाही,
नाव तर कुठेच छापत नाहीत.
मी एवढी एका जागी सापडत होते.

इथे पान एकशे बारा नाही,
एकेचाळीस टक्के आहे.
टक्क्याटक्क्याने मागेपुढे करत पोचले :
म्हातारी रात्रभर सूत कातत बसली.

शुद्ध.
कुणी केलं? माणसाने की यंत्राने,
ज्याने केलं त्याला शंका आली नाही.
चाळीस वर्षांनी ती नुसतं सूत कातत होती
आणि मुलगा गेला तो गेलाच.

कपाटातली जुनी प्रत काढली.
पुठ्ठा वाळवीने नेलेला, भिंग लावूनही ओळी धुरकट.
पण खिळ्याची छपाई पानामागे उठलेली असते,
पाठीवरून हात फिरवावा तसं बोट फिरवलं.
नववी ओळ. इथे कुठेतरी.
लागलं का काही?
लागलं असं मी ठरवलं.

गुरुवार. पाणी येणार नव्हतं, वेळ होता.
शब्द दाबून धरला की खाली चौकट येते : चूक कळवा.
कळवली. सूत नव्हे, सुत.
जन्मात पहिल्यांदा मी चूक परत मागितली.
चौकट म्हणाली, कारण लिहा.
लिहिलं, मिरजेहून कार्ड आलं होतं.
चौकट म्हणाली, आपलं नाव.

हे कुणी विचारलं नव्हतं.
पेन्सिल कानामागे खोचली,
एका बोटाने, एकेक अक्षर :
सुलोचना रिसबूड.
सु पहिला, बू दुसरा.
दोनदा तपासलं.