शेवटचे दोन फूट

पहाटे साडेचारला या मैदानावर आम्हीच असतो:
मी, ससे, आणि मर्डो गन.
सदरलंडच्या किनाऱ्यावर जूनमध्ये रात्र नावालाच होते.
समुद्र झोपत नाही. मर्डोही.

माझं काम भोकं पाडायचं.
रोज नवी अठरा; कालची बुजवायची.
लोकांना वाटतं भोक तिथंच असतं, आजोबांच्या काळापासून.
वाटू दे.

मर्डो नऊ होल खेळतो, एकटा, चार काठ्या घेऊन.
लांबचा फटका अजून असा, की चेंडू वाऱ्याला पटवतो
आणि त्याच्याच खांद्यावर बसून जातो.
पण भोकापासून दोन फुटांवर आला, की
हा गुडघे टेकतो, गवताकडे बघत राहतो,
आणि चेंडू उचलून खिशात टाकतो.
सात वर्षं बघतेय. त्याचा चेंडू
तळाशी पडल्याचा आवाज एकदाही ऐकला नाही.

क्लबात म्हणतात, हात कापतात. व्हिस्की, म्हणतात.
एका वर्षी कप जवळजवळ घरी आला होता,
आणि एवढासा फटका चुकला, शेंबडं पोरही चुकलं नसतं.
हे सांगताना प्रत्येक जण अंगठा आणि तर्जनी
दर वर्षी थोडी अजून जवळ आणतो.

मला त्याच्या बहिणीनं सांगितलं, मासे साफ करता करता:
विशीत तो फॉकलंडला होता. सुरुंग काढायच्या तुकडीत.
पालथा पडून, सळई तिरकी धरून,
वीतभर जमीन. मग पुढची वीत.
"तिथलं गवत इथल्यासारखंच, म्हणायचा. वारासुद्धा.
मेंढ्यासुद्धा."
पुढे काही बोलली नाही. हॅडकचं डोकं छाटलं.

त्या मंगळवारी मी सातव्या होलवर होते. खांदा दुखत होता.
खरंच दुखत होता, हे कुणाला पटत नाही.
म्हटलं, मर्डो, जरा हे दाबतोस?
यंत्र कसलं, पोलादी नळा, वर आडवी मूठ.
तो बघत राहिला. नळ्याची धार गवताला टेकलेली.
एक टिटवी ओरडत वरून गेली, परत आली.
मी घाई केली नाही.

मग त्यानं दाबलं.
वीतभर. पिळलं. थांबला. डोळे मिटलेले.
उपसलं, तर वर आली माती.
नुसती माती. काळसर वाळू, पांढरी मुळं,
आणि मधोमध, कापता कापता वाचलेलं
एक चिडलेलं गांडूळ.
मर्डोनं ते बोटावर घेतलं. हात कापत होता, हो,
पण गांडुळाची तक्रार नव्हती.

कालच्या भोकात त्यानं तो मातीचा डेचका बसवला,
बुटानं दाबला.
मग दोन्ही पायांनी उभा राहिला त्याच्यावर,
सगळं वजन टाकून,
किती वेळ, मी मोजलं नाही.

नव्या भोकात मी पत्र्याचा पेला ठेवला.
दोन फूट.
पहिला चेंडू कड चाटून बाहेर.
"हं," म्हणाला.
दुसरा गेला.
आवाज काय, एवढासा,
रिकाम्या कपात साखरेचा खडा टाकावा तसा.
ससे हललेसुद्धा नाहीत.

शनिवारच्या स्पर्धेत त्याचं नाव होतं. एक्क्याण्णव फटके,
शेवटून तिसरा. बाराव्यावर दोनदा चेंडू उचलायला वाकला
आणि दोनदा रिकाम्या हातानं सरळ झाला.
कार्डावरची सही वाचता येईना.
सेक्रेटरीनं विचारलं, हे काय लिहिलंय?
"गन," मर्डो म्हणाला. बीअर मागवली, अर्धी,
तीही अर्धीच प्यायला.

सातवं भोक बुधवारीच हलवायला हवं होतं. नियम आहे.
मी हलवलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही.
कड झिजली, लोक कुरकुरले,
कुणीतरी वहीत तक्रार लिहिली, माझं नाव चुकीचं घालून.
सोमवारी पहाटे नळा त्याच्या हातात दिला.
कुठे, त्यानं विचारलं.
तू सांग, म्हटलं.
तो गवतावरून चालत निघाला, खाली न बघता.