नंबराआधीचं

मे महिना. भुसावळ. रात्रीचा एक वाजला
तरी भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
लॅपटॉपखाली मी ताट पालथं घातलेलं,
तेही तापलं.

कोडं वाचायला साधंच:
एक शब्द दिलेला, त्याला एक आकडा चिकटवायचा,
दोघांना मिळून हॅशच्या घाण्यात घालायचं,
आणि जो चोथा बाहेर पडेल
त्याच्या तोंडाशी पाच शून्यं हवीत.
असा सगळ्यात लहान आकडा कोणता?

म्हणजे एकपासून. एक, दोन, तीन.
उडी नाही, आडवाट नाही.
चार शून्यं आली म्हणून पाचवं जवळ आलं, असंही नाही.
इथं शेजारच्या आकड्याला
शेजाऱ्याचं काही ठाऊक नसतं.

सहा लाखांच्या थोडं पुढे पाच शून्यं उगवली.
उत्तर दिलं. चूक.
परत चालवलं. तोच आकडा. परत चूक.

"काय धुंडू राह्यली वं?" अप्पा खाटेवरून.
तेहतीस वर्षं यार्डात नंबर टेकर:
आधी कंदील, मग बॅटरी, काखेत वही,
खडीवरून चालत एकेका वॅगनपाशी थांबणं.
छप्पन्न वॅगनींची गाडी म्हणजे छप्पन्न वेळा थांबणं.
त्यांना हॅश काय सांगणार. एवढंच म्हटलं,
नंबर सापडतो, पण हा नाही म्हणतात.

अप्पा उठून बसले. माठातलं पाणी प्याले.
एकदा म्हणे सिमेंटची वॅगन रात्रभर शोधली,
पहाटे मिळाली, आकडा न् आकडा जुळला,
उघडली तर आत मीठ.
"नंबर तोच व्हता. रेल्वे दुसरी व्हती.
नंबराआधी काय लिहेल हाय, ते कोन वाचनार?"

मी शब्दाची अक्षरं मोजली. आठ.
यंत्राला मोजायला सांगितली.
नऊ.

नववं दिसत नव्हतं. फाइलच्या शेवटी
मीच कधीतरी मारलेलं एंटर,
शब्द आणि आकडा यांच्या मधोमध
गुपचूप बसलेलं.
ते पुसलं. पुन्हा एकपासून.

बाहेर मालगाडी हलली, कपलिंगं एकामागून एक ताणली गेली.
अप्पा डोळे मिटून मोजत होते
की झोपले होते, कळलं नाही.

आकडा आला तेव्हा मी मोठ्यानं वाचला:
दोन आठ नऊ, शून्य सात तीन.
अप्पांनी सवयीनं तो परत म्हणून दाखवला.
मग डोळे न उघडता, "आन् आधी?"

मी शब्द सांगितला. एकेक अक्षर,
सावकाश, उतरवून घेता येईल असा.